हात कोणाचा लांब?

भातकापणी उरकली, खाचरं वाळली की महाड-पोलादपूर पट्ट्यात कबड्डीची मैदानं आखली जातात. मैदानाबरोबर वादही आखला जातो. आपल्याकडचा आजवरचा सगळ्यात लांब हाताचा चढाईवाला कोण?

वीर स्टेशनवर दिव्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभे राहा. गाडी येईपर्यंत चार नावं निघतात आणि चारही जण 'एक नंबर' ठरतात.

"आमच्या वेळचा तो, मध्यरेषेवरून हात टाकायचा आणि कोपरा उठायचा," एक काका सांगतात. "काका, त्याला मॅटवर आणा, मग बोलू," खांद्याला बॅग लावलेला पोरगा म्हणतो. काकांनी पोराचा खेळाडू नीट पाहिलेला नाही, पोराने काकांचा पाहणं शक्यच नाही.

निकाल मात्र दोघांकडे तयार.

मध्यरेषेवरून? जरा टेप लावा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा 3.75 मीटरवर, बोनस रेषा तिच्याही पुढे 1 मीटरवर. आणि बचाव तर निदानरेषेच्याही मागे उभा असतो. पावणेचार मीटरचा हात कोणाच्या आईने जन्माला घातला?

लांब हात म्हणजे हाताची लांबी नव्हेच. शेवटच्या क्षणी पुढचा पाय किती पडतो, कंबर किती खाली जाते आणि बोट लागल्याबरोबर अंग किती चटकन मागे फिरतं, त्याचा तो हिशेब. जातिवंत चढाईवाला कोपऱ्याकडे बघतच नाही. नजर मधल्या जोडीवर, बोटं कोपऱ्याच्या मनगटावर. बचावपटू 'लागला नाही' म्हणून हात उंचावतो, तोवर हा आपल्या अंगणात परतलेला असतो.

तो स्पर्श वीस वर्षं लक्षात राहतो. त्याच सामन्यात त्याची किती वेळा पकड झाली, ते दुसऱ्या दिवशीच विसरलं जातं.

वाद इथेच फसतो. दोन खेळाडूंची तुलना करायला दोघे एकच खेळ खेळलेले हवेत ना? जुन्या संजीवनी प्रकारात बाजूला नऊ-नऊ जण असत, आता सात. बोनस रेषा मागाहून आली. पूर्वी आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करत निवांत वेळ काढायचा. आता चढाईला 30 सेकंद, आणि सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा, नाहीतर बाहेर बसा. तिकडे माती आणि अनवाणी पाय, इकडे मॅट आणि बूट.

काकांचा हिरो आणि पोराचा हिरो, दोघांचा पेपरच वेगळा. मग टक्केवारी कशी काढायची?

हे भांडण काही आपल्याच गावचं नाही. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉलवर असंच चालतं. आमच्या कॉलेजचा दुरून बास्केट टाकणारा सर्वात भारी कोण, यावर तिथली माणसं तावातावाने बोलतात. दुरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा तिथल्या कॉलेजांत पुरुषांच्या खेळात सर्वत्र लागू झाली 1986 मध्ये. पीट मॅराविच 1967 ते 1970 या तीन हंगामांत 3,667 गुण करून गेला, तेव्हा ती रेषाच नव्हती. कितीही लांबून टाका, गुण दोनच. 2024 मध्ये केटलिन क्लार्कने तो आकडा ओलांडला. तिला चार हंगाम मिळाले आणि तीन गुणांची रेषाही.

मग वाद पेटला. पण कशावर पेटला? आकड्यांवर.

स्टीफन करीने डेव्हिडसन कॉलेजकडून 2007-08 च्या हंगामात तीन गुणांचे 162 बास्केट केले. तिथे एवढ्यावर कोणी गप्प बसत नाही. लगेच विचारतात, प्रयत्न किती केले? टाकलेले किती आणि बसलेले किती, दोन्ही लिहिलेलं असतं. आपल्याकडे बसलेलं तेवढं आठवतं आणि टाकलेलं कोणी मोजलेलंच नसतं.

कबड्डीत मोजणी होऊच शकत नाही, असं कोणी म्हणू नये. 2014 मध्ये प्रो कबड्डी आली आणि प्रत्येक चढाईची नोंद घराघरात दिसू लागली. प्रदीप नरवालचे 2017 च्या एका हंगामात चढाईचे 369 गुण. त्याच वर्षी आपल्या रिशांक देवाडिगाचे एका सामन्यात 28. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई 2018 मध्ये पहिल्यांदा उतरला आणि चढाईचे 218 गुण घेऊन गेला. यावर वाद घाला, मजा येईल.

आता मागे जा. 1990 मध्ये बीजिंगला एशियाडमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली आणि भारताने सुवर्ण आणलं. त्या संघात आपले अशोक शिंदे होते. त्यांची चढाई डोळ्यांसमोर उभी करणारी माणसं भेटतात. चढाया किती, गुण किती, पकडले गेले किती वेळा, हे विचारलं की तीच माणसं दुसरीकडे बघतात.

आणि हा झाला देशाचा खेळाडू. पोलादपूरच्या खोऱ्यातल्या, एक हंगाम गाजवून मुंबईची गाडी धरलेल्या पोराचं काय?

त्याच्याबद्दल पेपरात काय छापून आलं, तेही बघा. 'मध्यंतराला अमुक संघाकडे सहा गुणांची आघाडी. उत्तरार्धात तमुकच्या झंझावाती चढाया आणि भक्कम पकडी.' झंझावाती म्हणजे किती? चार की चौदा? इतकी वर्षं तेच विशेषण, आणि आकड्याला दोन सेंटिमीटर जागा नाही.

स्पर्धेच्या शेवटी 'उत्कृष्ट चढाई'चं बक्षीस दिलं जातं, 'पब्लिक हिरो'चंही. पब्लिक हिरो टाळ्यांवर ठरला तर ठीक, त्याचं नावच तसं आहे. पण उत्कृष्ट चढाईही टाळ्यांवरच?

टेबलावर गुणलेखक असतो, कागदही असतो. बहुतेक ठिकाणी त्यावर संघाचा गुण चढतो. कोण किती वेळा आत गेला आणि किती वेळा हात हलवत परत आला, याला रकानाच नाही. बक्षीस समारंभ आटोपतो, मंडप उतरतो, आणि तो कागदही कुठेतरी उडून जातो.

घरात जपलेल्या कात्रणांवरही फार विसंबू नका. 22 जुलै 2021 ला सावित्री नदीचं पाणी महाडच्या घराघरात घुसलं. ज्या घरांत माणसांचे कपडे राहिले नाहीत, तिथे कपाटाच्या तळाशी ठेवलेलं कात्रण कुठून राहणार? आठवणी सांगणारी पिढीही एकेक करून जाते आहे. उद्या वाद घालायला नावंसुद्धा उरणार नाहीत.

एक आणखी. या सगळ्या गप्पांत बाईचं नाव किती वेळा ऐकलंत? 2012 मध्ये पाटण्यात भारताने महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या. त्यांतल्या अभिलाषा म्हात्रेला पुढे 2015 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. आजवरचा सर्वोत्तम कोण म्हणताना अर्धी माणसं यादीतच धरायची नाहीत, हा कुठला हिशेब?

'नोंदी ठेवून काय मिळणार? खेळ मनात राहायला हवा,' असं म्हणणारे आहेत. खेळ तुमच्या मनात राहील हो. जिल्ह्याच्या निवड चाचणीला गेलेल्या पोराच्या हातात काय राहील? मुंबईत कंपनीचे संघ, पोलीस, रेल्वे यांच्या दारात उभा राहिल्यावर तो काय दाखवणार? ट्रॉफीवर मंडळाचं नाव असतं, प्रायोजकाचं असतं. त्याने किती गुण आणले, ते कुठेच नसतं. शहरातल्या पोराचा व्हिडिओ असतो, प्रशिक्षक शब्द टाकतो. याच्याकडे काकांची आठवण, आणि काका निवड समितीवर नाहीत.

खर्च किती? एक वही, दोन पेनं आणि खेळ कळणारी, शाळेत शिकणारी दोन मुलं. आत गेला की एक रेघ, गुण आणला की दुसऱ्या रकान्यात आकडा, पकड झाली की तिसऱ्यात फुली. प्रमुख पाहुण्यांच्या एका शालीच्या पैशात अख्ख्या स्पर्धेचं काम होतं.

तेव्हा मंडळांनो, यंदा पहिल्या सामन्यापासून तीन रकाने आखा: चढाया, गुण, पकड. पुरुषांचे आखा, महिलांचेही आखा. प्रत्येक सामन्यानंतर पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि दोन्ही संघांना पाठवा, म्हणजे एका घरातलं पान भिजलं तरी दुसरीकडे राहील. आणि उत्कृष्ट चढाईचं बक्षीस त्या पानावरूनच द्या.