परवानाधारक दांपत्य

महाराष्ट्रात मद्यप्राशन करू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थाला कायद्याने परवाना बाळगावा लागतो, आणि ज्या अधिनियमान्वये तो मिळतो तो १९४९ सालचा दारूबंदी अधिनियमच होय. परवान्याचा हेतू अर्जदाराच्या प्रकृतीचे जतन व रक्षण असा नमूद असतो, तो मजकूर चष्मा लावून वाचल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी, "म्हणजे च्यवनप्राशच झालं की!" असा शेरा मारला आणि माझ्या अर्जासोबत आपलाही अर्ज दाखल केला. दारूबंदीचे हे दप्तर सांभाळणाऱ्या सरकारनेच पुढे २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून वायनऱ्यांना उत्तेजन दिले, याचे कित्येकांना नवल वाटते. परंतु मनाई आणि आग्रह ही दोन्ही एकाच मुखातून, आणि तीही एकाच पंगतीत, निघताना ज्याने ऐकली आहेत, त्या विवाहित पुरुषाला त्यात विसंगत असे काहीच दिसू नये.

अशा रीतीने उभयतांची कागदपत्रे शाबूत झाल्यावर, द्राक्षांची तोडणी ऐन भरात असलेल्या दिवसांत आम्ही नाशिकला, गंगापूर धरणाच्या बाजूला असलेल्या एका वायनरीत दाखल झालो. मी या विषयावरची दोन-तीन पुस्तके वाचून पुरेसा शब्दसंग्रह जमवला होता. सौभाग्यवतींची पूर्वतयारी बागेच्या वाटेवर एका मजूर बाईशी छाटणीविषयी झालेल्या संभाषणापुरतीच होती. चव घेण्याच्या दालनात, दिंडोरीकडच्या बागाईतदाराचा मुलगा असलेल्या एका तरुणाने आम्हांला रीतिरिवाज समजावून दिले: आधी पांढरी, मग गुलाबी, मग लाल आणि गोड असेल ती सर्वांत शेवटी, हाताची ऊब लागू नये म्हणून पेला दांडीला धरायचा, हलकेच घोळवायचा, प्रथम हुंगायचा आणि मगच ओठांना लावायचा.

साव्हिन्यों ब्लांचा पहिला पेला हुंगून, "या गंधात एक संयत आणि किंचित विषण्ण अशी अभिजातता आहे," असा अभिप्राय मी दिला. तरुणाने अदबीने मान हलवली. "अहो, ढोबळी मिरची," सौभाग्यवती म्हणाल्या, "आत्ता चिरलेली. बियांसकट."

"काकू, अगदी बरोबर!" म्हणत तो मुलगा जवळजवळ उडालाच. ढोबळ्या मिरचीला तिचा वास ज्या द्रव्याने येतो, तेच या द्राक्षांतही असते, आणि घडांवर पानांची सावली फार राहिली किंवा फळ लवकर खुडले म्हणजे ते अधिक जाणवते, असे त्याने सांगितले. पण सांगताना त्याची पाठ माझ्याकडे झाली होती. पुढे ओकच्या पिंपात मुरवलेली लाल वाइन आली तेव्हा, "यात लवंग कशाला घातली?" अशी विचारणा झाली. लवंग कोणी घातलेली नव्हती. लवंगेतले युजेनॉल ओकच्या लाकडातही असते आणि पिंपातून ते वाइनमध्ये उतरते. यानंतर माझे मत कोणी मागितले नाही.

रसज्ञता ही ग्रंथांत असते असा आपला एक सुशिक्षित समज आहे. वास्तविक, आमटी तळाला लागण्याच्या बेतात आहे हे दिवाणखान्यात बसून ओळखणारे, आणि पावसाळ्यात डाळीचा डबा उघडताक्षणी त्यातल्या डाळीचे भवितव्य सांगणारे जे नाक घरोघरी रात्रंदिवस कामावर असते, त्याच्यापुढे पुस्तकी विशेषणांचा निभाव लागणे अशक्य आहे. त्याच नाकाने माझ्या सदऱ्यावरून माझ्या मित्रांच्या सिगारेटींचे ब्रँड ओळखून वेळोवेळी माझी जी उलटतपासणी घेतली आहे, तिचा सविस्तर वृत्तांत येथे देण्याचे प्रयोजन नाही.

पुढे मुंबईतल्या एका उपाहारगृहात बाटली उघडून वेटरने शिरस्त्याप्रमाणे पहिला घोट माझ्या पेल्यात ओतला. मी तो पेला तसाच पलीकडे सरकवला. तो बिचारा कोणाच्या होकाराची वाट पाहावी या संभ्रमात उभा असता, "माळ्यावर भिजलेला पुठ्ठा," असा निकाल बाहेर पडला. बुचाला दोष लागला असता वाइनला नेमका ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि पहिला घोट ओतण्याचा रिवाज मुख्यतः तेवढ्याचसाठी आहे. व्यवस्थापकांनी स्वतः हुंगून पाहिले आणि एक शब्दही न बोलता बाटली बदलून दिली.

तेव्हापासून आमच्या घरात अधिकारांची रीतसर वाटणी झाली आहे. कोणती बाटली मागवायची, तिच्यासोबत काय खायचे आणि किमतीचा रकाना पाहून कोठे थांबायचे, ही सर्व खाती तिकडे वर्ग झाली असून, बिलाच्या वसुलीव्यतिरिक्त माझ्याकडे द्राक्षजातींच्या फ्रेंच नावांचा उच्चार हे एकच खाते उरले आहे. त्या नावांतली शेवटची अक्षरे गिळून टाकायची असतात. आणि तोंडापर्यंत आलेले गिळून टाकणे हे सौभाग्यवतींच्या स्वभावात मुळीच बसत नसल्यामुळे, एवढे एक खाते तरी आमरण माझ्याकडे निर्वेध राहील अशी मला उमेद आहे.