गाडी बाहेर काढून आत या

पुण्यात गाडी बिघडली की ती गॅरेजला जाते. अमेरिकेत घर बिघडलं की ते गॅरेजमध्ये जातं. पाय मोडलेली खुर्ची, मोठ्या झालेल्या मुलाची लहान सायकल, 'लागेल कधीतरी' या एकाच नावाने ओळखले जाणारे सतरा खोके, सगळं तिथे. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात त्यात भर म्हणजे सोना मसुरीची वीस-वीस पौंडांची पोती, मंडळाच्या गणपतीचं मखर, दोन ढोल आणि कोपऱ्यात एक शेगडी. घरात बोंबील तळले तर सोफ्याला आठवडाभर बोंबलाचा वास येतो, म्हणून इथले कितीतरी मराठी संसार मासे गॅरेजमध्ये तळतात. आमचं गॅरेज दोन गाड्यांचं आहे. आमच्याकडे गाड्याही दोनच आहेत. दोन्ही बाहेर असतात.

यात आमचं काही विशेष नाही. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांच्या घरात शिरून सामानाची शिरगणती केली. २०१२ साली त्याचं पुस्तक आलं. चारातल्या तीन गॅरेजांमधून सामानाने गाडीला हाकललेलं होतं. यासाठी संशोधन कशाला लागलं कळत नाही. गल्लीतून एक चक्कर मारली असती तरी भागलं असतं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एप्रिलमध्ये शेजाऱ्याने त्याच्या गॅरेजचं दार उघडं टाकलं आणि आमची शांतता गेली. आत जमीन चमकत होती. राखाडी रंग, त्यावर काळे-पांढरे-निळे ठिपके, वर काचेसारखी झिलई. तो खुर्ची टाकून बिअर पीत बसला होता. समोर टीव्ही नव्हता, माणूस नव्हता, काहीच नव्हतं. म्हणजे तो जमिनीकडेच बघत होता.

बायको म्हणाली, "आता आपली बघ."

मी आपली बघितली. थंडीत इथे रस्त्यांवर बर्फ वितळावा म्हणून मीठ मारतात. ते गाडीला चिकटून घरी येतं, खारट पाणी काँक्रीटमध्ये मुरतं आणि वरचा थर खपल्या खपल्यांनी सुटत जातो. आधीचा मालक बिचारा गाडी आत ठेवायचा. त्याच्या पुण्याईने आमच्या जमिनीला देवीचे व्रण होते. शिवाय दोन मोठे डाग, एक त्याच्या इंजिनाचा आणि एक आमच्या तळलेल्या बांगड्यांचा.

दुकानातून जमिनीला लावायच्या इपॉक्सी रंगाचा दीडशे डॉलरच्या आसपासचा खोका आणला. खोक्यावर लाल गाडीचं चित्र आणि खाली लिहिलेलं, की काम एका शनिवार-रविवारात होतं. ते खोटं नाही. त्याच्या आधीचे पाच शनिवार-रविवार मात्र खोक्यावर छापत नाहीत.

आत दोन डबे. इपॉक्सी म्हणजे आपल्याला परकी वस्तू नव्हे. पूर्वी घराघरातल्या खणात अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूबा असायच्या, एक राळेची, दुसरी तिला घट्ट करणाऱ्या हार्डनरची, आणि दोन्हींची टोपणं कायमची बसलेली. तेच हे, फक्त बादलीने. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान हा रसायनतज्ज्ञ कवळी बनवायला काहीतरी चिवट शोधत होता, त्यातून १९३० च्या दशकाच्या अखेरीस ही राळ हाती आली. म्हणजे माणसाच्या तोंडात बसवायला निघालेली वस्तू मी जमिनीवर पसरायला निघालो होतो. डबे वेगवेगळे असेपर्यंत दोघंही शांत असतात. एकत्र केले की तापतात, आणि मग काही केल्या वेगळे होत नाहीत. पुढचं मी लिहीत नाही, हे सदर घरात वाचलं जातं.

पहिले तीन शनिवार गॅरेज रिकामं करण्यात गेले. सामान अंगणात आलं तेव्हा पहिल्यांदाच कळलं, की आपण दोन संसार करतो आहोत आणि त्यातला मोठा गॅरेजमध्ये आहे. आम्हाला एक न उघडलेला कुकर मिळाला. मंडळाच्या एका माजी अध्यक्षांची 'उद्या घेऊन जातो' म्हणून ठेवलेली लोखंडी कपाटं मिळाली. जाणाऱ्या-येणाऱ्या अमेरिकन लोकांना वाटलं आम्ही जुनं सामान विकायला काढलंय. एकाने ढोलाची किंमत विचारली.

मग घासणं. या धंद्यातली माणसं एकच गोष्ट परत परत सांगतात, रंग काय कोणीही लावेल, खरं काम जमिनीचं. काँक्रीट गुळगुळीत असलं की इपॉक्सी त्यावर नुसती बसते, धरत नाही. तिला दात रोवायला खरखर लागते. म्हणून आधी तेलाचा अंश काढायचा, मग ॲसिडने पृष्ठभाग खरवडायचा. कडक मंडळी मुरियाटिक ॲसिड वापरतात, म्हणजे आपल्याकडे संडास धुवायचं तेच. आमच्या खोक्यात त्याऐवजी सायट्रिक ॲसिडची पुडी होती. लिंबूसत्व! आई चिंचेने तांब्याचा बंब घासायची. तिचा इंजिनियर मुलगा लिंबूसत्वाने साडेचारशे चौरस फूट सिमेंट घासत होता. गुडघ्यांवर. इंजिनाच्या डागावर तीनदा साबण झाला. बांगड्यांच्या डागावर मी एकदाच हात फिरवला, आपलंच तेल, त्यात काय एवढं.

घासून झालं की पाण्याचे थेंब टाकून बघायचं. थेंब मुरला तर पास, मोत्यासारखा वर बसून राहिला तर नापास. शिवाय दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवायचा. सकाळी खाली दव साचलं असेल तर जमिनीतून ओल वर येते आहे असं समजायचं आणि खोका दुकानात परत करायचा, नाहीतर ती ओल रंगाला पापडासारखी फुगवते. आमचं प्लास्टिक कोरडं निघालं. थेंब चार ठिकाणी मुरले, दोन ठिकाणी नाही. मी म्हटलं, बहुमत आहे.

सहाव्या शनिवारी, मे महिन्यात, रंग. हवा दहा अंश सेल्सियसच्या वर हवी, दमट नको, आणि डबे एकत्र झाले की घड्याळ सुरू. जितका उकाडा जास्त, तितकी सवलत कमी. मी रोलर बुडवला आणि सांगलीहून मावशीचा फोन. उचलला नाही तर ती दिल्लीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन करते, म्हणून उचलला. "काय करतोयस?" "जमीन रंगवतोय." "अगंबाई, शेतजमीन घेतलीस?" यात अकरा मिनिटं गेली. बादलीतला रंग तोवर बासुंदीच्या वाटेला लागला होता.

रंग ओला असतानाच त्यावर रंगीत चकत्या उडवायच्या असतात, नखाएवढ्या, प्लास्टिकच्या. मूठ भरून वर उडवायची म्हणजे त्या विखरून खाली पडतात. बायको म्हणाली, "अक्षता टाकतात तशा टाक." हीच चूक झाली. मराठी माणूस अक्षता वधूवरांवर टाकत नाही, समोरच्याच्या टकलावर नेम धरून टाकतो. आमच्या जमिनीवर मधोमध एक ढीग आणि भिंतीशी चार उनाड चकत्या.

तरी उभं राहून बघितलं आणि ओळख पटली. ही आपली मोझाइक! सत्तरच्या दशकातल्या सोसायट्यांतली, राखाडीवर काळे-पांढरे खडे असलेली. पुण्याच्या घरातली ती फरशी आम्ही गावंढळ दिसते म्हणून फोडून टाकली आणि तिथे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, त्यावर आई दोनदा घसरली. आता त्याच मोझाइकची प्लास्टिकमधली नक्कल मी डॉलर मोजून, गुडघे फोडून, गाडीसाठी करत होतो. निदान मूळच्या मोझाइकमध्ये दगड तरी होते.

एवढ्यात लक्षात आलं, की मी गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात उभा आहे आणि सगळीकडे ओलं आहे. आजी गावी खोली सारवायची ती आतल्या भिंतीपासून सुरू करून. उकिडवी बसून, हाताचे अर्धगोल काढत मागे मागे सरकायची, शेवटचा हात उंबऱ्याशी फिरायचा आणि ती बाहेर. तिला कोणी खोका दिला नव्हता, त्यावर चित्रातल्या सूचना नव्हत्या. मी सुरुवात दारापासून केली होती, तिथे उजेड चांगला होता म्हणून. शेवटी मोजे काढून, नऊ पावलांत पार झालो. ती नऊ पावलं रोलरने पुसली, पण तिरप्या उजेडात अजून दिसतात.

तिथून घरात नवा कायदा लागू झाला. एक दिवस पाय ठेवायचा नाही, आठवडाभर गाडी आणायची नाही, हे खोक्यावर होतं. त्यापुढचं बायकोने जोडलं. शेगडी बंद, तेल उडतं. सायकली बंद, स्टँडचा ओरखडा उठतो. पोती तळघरात. ढोल त्या माजी अध्यक्षांकडे. चपला दाराबाहेर. गॅरेजच्या दाराबाहेर! ओल्या पायाने आलं तर ती जमीन बर्फासारखी घसरते, हेही कळलं. रंगात घसरू नये म्हणून बारीक रेतीसारखी भुकटी मिसळायची असते. ती पुडी खोक्यात तळाला होती आणि खोका मी आधीच टाकून दिला होता. महिनाभर आमचं गॅरेज देवघराइतकं स्वच्छ आणि तितकंच रिकामं होतं. संध्याकाळी मी तिथे खुर्ची टाकून बसू लागलो. समोर काहीच नव्हतं. शेजाऱ्याशी माझी पहिल्यांदाच नजरभेट झाली आणि आम्ही एकमेकांना ओळखलं.

गाड्या बाहेरच. ज्याच्या नावाने पूजा घातली त्यालाच प्रसाद नाही.

जुलैत गारांचा इशारा आला. मी भर दुपारी हायवेवरून चाळीस मैल गाडी हाणून घरी पोहोचलो आणि बायको घरी नाही बघून, चोरासारखी, गाडी आत घातली. रात्री गारा पडल्याच नाहीत. सकाळी गाडी मागे घेतली तर खालून आवाज आला, पायाला चिकटलेली पट्टी ओढून काढताना येतो तसा. उतरून बघितलं. चार चाकं जिथे होती तिथे चार टकलं. रंग चाकांना चिकटून अंगणात निघाला होता.

याला इंग्रजीत 'हॉट टायर पिकअप' म्हणतात. नाव असं की गरमागरम पार्सल आणायला निघालोय. पळून आलेलं टायर तापलेलं असतं, त्याच्या रबरातली तेलकट द्रव्यं रंगाला मऊ करतात, मग टायर थंड होताना आक्रसतं आणि रंगाला कवटाळून बसतं. रंगाची पकड जमिनीवर घट्ट असेल तर टायर हरतं. माझी नव्हती. घरी लावायच्या पाण्यातल्या इपॉक्सीचा थर वाळून उरतो तो जेमतेम केसाच्या जाडीचा. त्यात माझी ती बहुमताने पास झालेली परीक्षा.

हा धंदा करणाऱ्या एकाला बोलावलं. त्याने नखाने कडेचा पापुद्रा उचलला, उलटा केला आणि मला दाखवला. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ. "याला सिमेंट चिकटून आलं असतं तर दोष जमिनीचा म्हटला असता," एवढंच तो म्हणाला. पुढचं त्याने सौजन्याने गिळलं. मग सांगितलं, की सगळं काढायचं, हिऱ्याच्या चाकांच्या मशीनने जमीन घासायची, त्यावर पाणी न घातलेली दाट इपॉक्सी, तिच्यावर पॉलिअ‍ॅस्पार्टिकचा हात, कारण नुसती इपॉक्सी दाराशी उन्हात पिवळी पडते. चौरस फुटाचा भाव त्याने डॉलरमध्ये सांगितला. मी एवढ्या वर्षांची खोड जाईना म्हणून रुपयांत केला आणि खुर्चीवर बसलो.

या देशात म्हणे गॅरेजमधून कंपन्या निघतात. पालो आल्टोत ३६७, ॲडिसन अ‍ॅव्हेन्यू इथल्या गॅरेजमध्ये १९३८-३९ साली ह्यूलेट आणि पॅकर्ड यांनी काम सुरू केलं आणि आज तिथे सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान म्हणून पाटी आहे. खालची जमीन कसली होती, याचा पाटीवर उल्लेख नाही. त्या दोघांनी बहुधा खाली बघितलंच नसावं. माझ्या गॅरेजमधून आजवर निघाला तो पापुद्रा.

सप्टेंबरात गौरी आल्या. इथे घरातलं माणूस मुख्य दाराने येतच नाही. दार उघडायचं बटण गाडीत, त्यामुळे सगळे गॅरेजमधून आत. तर गौरींनीही तिथूनच यावं, असं ठरलं. बायकोने इंडियन स्टोअरमधून पावलांचे स्टिकर आणले आणि शक्कल लढवून पहिली चार नेमकी त्या चार टकलांवर बसवली, बाकीची तिथून थेट पायरीपर्यंत. आलेल्या वहिनी वाकून वाकून बघत होत्या. "किती छान कल्पना," म्हणाल्या, "आणि जमीन तर काय सुंदर केलीयेत!" आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता हसलो.

तिसऱ्या दिवशी गौरींचं विसर्जन झाल्यावर स्टिकर काढले. टकलांवरचे सहज निघाले. बाकीचे चौदा आले ते रंग घेऊनच. पुढच्या वर्षी मुख्य दाराचा विचार चालू आहे. त्याची किल्ली कुठे आहे ते कोणाला आठवत नाही, बहुधा त्या सतरा खोक्यांपैकी एकात असेल.