गो, नो-गो

पीण्यात माणसाची ओळख त्याच्या यंत्रावरून करून देतात. हा सीएनसीवर आहे, तो ग्राइंडिंगला, पलीकडचा पावडर कोटिंगवाला. १९७०च्या दशकात बंगळूरच्या ह्या टोकाला औद्योगिक क्षेत्र वसलं, तेव्हापासून इथे जो उतरतो तो कुठल्या ना कुठल्या खात्यात बसतोच. आमच्या वठारातली बी. कॉम.ची पोर मात्र अजून कुणाला बसवता आलेली नाही. ती मतं तयार करते. कच्चा माल कसलाही चालतो, काम तिन्ही पाळ्यांत, आणि वीज गेली तरी उत्पादन थांबत नाही.

ही जात तुमच्याही गल्लीत असणार. वय अठरा ते एकवीस, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत जाड पुस्तक, आणि चेहऱ्यावर असा भाव की समोर तीन परीक्षक बसलेत आणि आता शेवटच्या फेरीतला प्रश्न येणार. उत्तर तयारच असतं. प्रश्नाची तेवढी वाट पाहायची असते. मी एकदा सहज विचारलं, "दूध नासलं काय गं?" तर म्हणते, "नासलं म्हणजे कुणाच्या दृष्टीनं, काका? पनीरवाल्याला विचारून बघा की."

वडील मूळचे बेळगावचे. उद्यमबागेत लेथवर हात बसला, मग पीण्यात आले, आता एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. दिवसभर प्लग गेज घेऊन भोकं तपासतात. ह्या गेजला दोन टोकं. 'गो' टोक भोकात गेलंच पाहिजे, 'नो-गो' टोक जाता कामा नये. दोन्ही जमलं तर जॉब पास. चर्चा नाही, वशिला नाही. लेकीने बापाकडून एवढंच उचललं आणि ते साऱ्या जगाला लावून पाहायला सुरुवात केली.

पहिली पाळी पुस्तकांची. वडलांच्या खिशातून कारखान्यातले जुने टॅग घरी येतात: हिरवा पासचा, लाल रिजेक्टचा. पोर ते खुणेसाठी वापरते. पसंत पडलेल्या पुस्तकात हिरवा, नापसंत पुस्तकात लाल. लाल टॅग साधारण पंचविसाव्या पानाशी सापडतो आणि पुढची पानं कोरी करकरीत असतात. रविवारी मॅजेस्टिकला गाडी बदलून चर्च स्ट्रीटवर ब्लॉसममध्ये जाते, जुनी पुस्तकं घासाघीस करून आणते, सोमवारी निम्म्यांना लाल टॅग लागलेला असतो. मी म्हटलं, "अगं, पुरतं वाचून तरी नावं ठेव."

"बाबा काय सगळा लॉट तपासतात काय?" ती म्हणाली. "चार जॉब काढून बघतात, बिघडलेले निघाले की लॉट परत. मी पंचवीस पानं बघतो. जास्तच झालं की." (बेळगावकडच्या मुली 'बघतो', 'जातो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.)

ह्यावर काय बोलणार? हल्ली समीक्षाही बऱ्याचदा मलपृष्ठ वाचून होते. ही निदान पंचवीस पानांचा घाम गाळते.

कॉलेज मल्लेश्वरमकडे, म्हणून रोज मेट्रो. पीण्या इंडस्ट्री स्थानकावर चढायचं, संपिगे रोडला उतरायचं. २०१४ साली ही मार्गिका सुरू झाली तेव्हापासून वठारातल्या कॉलेजकन्यांना वाचायला चांगली वीस-बावीस मिनिटं मिळू लागली. ही मात्र त्या वेळात खिडकीबाहेर बघून चिंतन करते. यशवंतपूर गेलं की 'सँडल सोप फॅक्टरी' नावाचं स्थानक लागतं. कारखाना सरकारी, म्हैसूरच्या महाराजांच्या काळात सुरू झालेला. त्यानंतर महालक्ष्मी, मग राजाजीनगर, आणि मग 'कुवेंपु रोड'. ज्ञानपीठ मिळालेल्या कवीच्या नावाचं स्थानक. "बघा काका," ती म्हणते, "आधी साबण, मग लक्ष्मी, मग राजकारण. साहित्याचा नंबर चौथा. नकाशा करणाऱ्याला समाज कळला होता."

मेट्रो आखणाऱ्या इंजिनिअरांच्या मनात हे असेल असं मला वाटत नाही. पण ही गंमत मला इतकी वर्षं जाता-येता सुचली नव्हती, हेही खरं.

सौंदर्यस्पर्धा हा तिचा खास विषय. ह्याला कारण वडील. ते पीण्यात हेल्पर म्हणून लागले ते १९९६ साल, आणि त्याच नोव्हेंबरात मिस वर्ल्ड बंगळुरात भरली होती. अमिताभ बच्चनची कंपनी आयोजक, चिन्नास्वामी स्टेडियमवर रोषणाई, बाहेर पोलीसच पोलीस. महिला संघटना विरोधात, रयत संघाचे प्रा. नंजुंडस्वामी विरोधात. शेवटी पोहण्याच्या पोशाखाची फेरी उचलून थेट सेशेल्स बेटांवर नेली. मुकुट गेला ग्रीसच्या आयरीन स्क्लिव्हाला. ही कथा पोरीने लहानपणी झोपताना ऐकलेली आहे. इतर मुलांना चिमणी-कावळा, हिला मिस वर्ल्ड.

तिचा मूळ आक्षेप मात्र संस्कृतीरक्षकांचा नाही, कारखान्यातला आहे. "३६-२४-३६ म्हणतात. टॉलरन्स किती ते कुठं लिहिलंय?"

वडील मान हलवतात. "टॉलरन्स नसलेलं ड्रॉइंग आम्ही परत धाडतो."

मला हा मुद्दा लाख मोलाचा वाटतो. स्त्रीमुक्तीवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली, पण अधिक-उणे किती चालेल हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

रिटा फारिया मात्र हिरव्या टॅगमध्ये. गोव्याच्या घराण्यातली, मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकलची विद्यार्थिनी. १९६६ साली मिस वर्ल्ड झाली, आशियातली पहिली, आणि नंतर सिनेमाबिनेमाच्या वाटेला न जाता डॉक्टरच झाली. "मुकुट काढून ठेवून परीक्षेला बसली," ही म्हणते, "पास." प्रियांका चोप्राचं प्रकरण अजून टेबलावर आहे. २००० साली शेवटच्या फेरीत तिला आज हयात असलेली सर्वांत यशस्वी स्त्री विचारली, तिने मदर तेरेसांचं नाव घेतलं. मदर १९९७ मध्येच वारल्या होत्या. तरी मुकुट मिळाला. "म्हणजे उत्तर बरोबर लागत नाही काका, न अडखळता लागतं." हे तत्त्व तिने तोंडी परीक्षेत वापरून पाहिलं आहे. निकाल ती सांगत नाही.

तिची आई कपड्यांच्या कारखान्यात शिवणाच्या लाइनीवर आहे. असले कारखाने पीण्यात चिकार. ती हे सगळं भाकऱ्या थापता थापता ऐकते आणि एवढंच म्हणते, "तासाचं टार्गेट पुरं करून, वर सुपरवायझरसमोर असं हसून दाखवा म्हणावं त्या बायकांना."

आणि तरीही पोर कॉलेजच्या फ्रेशर्स डेला स्टेजवर चढली. 'आतून तपासायला' म्हणे. आईची इरकल नेसली, चप्पल भावाची. परीक्षकांनी विचारलं, आरशात तुला काय दिसतं? हिने सांगितलं, "आमच्या घरचा आरसा तडकलाय. त्यात मी दोन दिसतो, आणि मागे गॅस सिलिंडर." सभागृह हसलं. ही हसली नाही, कारण हे उत्तर तिने विनोद म्हणून दिलंच नव्हतं. मुकुट दुसरीला गेला. हिला मिळालं 'बेस्ट स्माइल'.

संध्याकाळी प्रमाणपत्र वठारात हातोहात फिरलं. वडलांनी चष्मा लावून, सवयीप्रमाणे ओळ न् ओळ तपासली आणि थबकले. इंग्रजी 'स्माइल'मधली अक्षरं चुकून 'बेस्ट स्मेल' छापलं होतं.

"सँडल सोप लावून गेली होती," आई म्हणाली.

वडलांनी खिशातून लाल टॅग काढला. पोर चिडली, उद्याच ऑफिसात जातो, नवीन छापून घेतो, असलं चुकीचं कोण भिंतीवर लावतंय म्हणाली.

"राहू दे गं," आईने परातीतलं पीठ झटकलं. "हल्ली पुरतं कोण वाचतंय?"