नंबरी माणूस

काकांना नावं लक्षात राहत नाहीत, आकडे राहतात. मंडळाच्या गणपतीत मी गेली कित्येक वर्षं त्यांच्या शेजारी जेवायला बसतो, पण मला हाक मारताना ते अजून चाचपडतात. माझ्या गाडीचा नंबर मात्र धडाधड म्हणून दाखवतात. विकून टाकलेल्या आधीच्या गाडीचाही. मूळचे खडकीचे. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, आता निवृत्त. फिलाडेल्फियाजवळच्या उपनगरात घर, घराला तळघर आणि तळघरात दोन महायुद्धं.

म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या बोल्ट-ॲक्शन रायफली. गोळी झाडली की हाताने बोल्ट उचलून मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. मग बोल्ट पुढे ढकलून पुढची गोळी नळीत बसवायची. आपल्याकडे पोलिसाच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री याच कुळातली. हा छंद भारतात जोपासणं कठीण. परवान्यासाठी खेटे घाला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना मिळाला तरी हत्यारं दोनच, आणि थ्री-नॉट-थ्री ही लष्करी काडतुसाची असल्यामुळे सामान्य माणसाला तिची मनाईच. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या हत्यारांच्या संग्राहकाला वेगळा परवाना मिळतो, तीन वर्षांना ३० डॉलर. "मंडळाची वर्गणी याहून महाग आहे," हे काका दर वर्षी वर्गणी देताना ऐकवतात.

बंदुका जमवणारा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिळदार मिशा येतात. काकांना मिशा नाहीत. तळघरात कोळी दिसला तर ते काकूंना हाक मारतात. शिकारीचं नाव काढलं तर चेहरा कसनुसा करतात आणि फटाक्यांच्या आवाजाने दचकतात. गोळी झाडण्यात त्यांना फारसा रसही नाही. रस आहे तो तपासण्यात.

हे तपासणं बघायचं तर त्यांच्याबरोबर शनिवारी सकाळी गन शोला जायला हवं. काकू दशम्यांचा डबा देतात. काकांच्या एका खिशात छोटा टॉर्च आणि भिंग, दुसऱ्यात दारू नसलेलं, निकामी काडतूस, आणि काखेत वही. मोठ्या हॉलमध्ये रांगेनं टेबलं मांडलेली असतात. एका टेबलावर १९४४ सालची जर्मन माउझर आडवी पडलेली असते. काका थांबले की विक्रेता गोष्ट सुरू करतो: त्याचे आजोबा, नॉर्मंडीचा किनारा, हात वर करून शरण आलेला जर्मन अधिकारी. काका मान डोलावतात, ऐकत काही नाहीत. "गोष्टीला पैसे द्यायचे नसतात," हे त्यांनी मला गाडीतच बजावलेलं असतं.

आधी परवानगी. न विचारता दुसऱ्याच्या रायफलीला हात लावणं या जगात अक्षम्य. मग बोल्ट मागे ओढून नळी रिकामी आहे ना हे डोळ्यांनी बघतात, करंगळी घालून पुन्हा खात्री करतात आणि बोल्ट काढून टेबलावर ठेवतात. मागून टॉर्च, पुढून डोळा. आतल्या पेचदार खाचा लखलखीत दिसल्या तर "हं", काळपट दिसल्या तर "हं हं". त्यानंतर निकामी काडतुसाची गोळी नळीच्या तोंडात उलटी घालतात. ती जितकी आत जाईल तितकं तोंड झिजलेलं. पितळ टेकेपर्यंत गेली तर नळीचं आयुष्य संपलेलं. दस्त्याचा वास घेतात. व्हार्निशचा वास आला किंवा सँडपेपरची रेघ दिसली तर काकांचा चेहरा घरात वाईट बातमी आल्यासारखा होतो. कारण सँडपेपरने लाकडावरचे जुने शिक्के जातात, आणि शिक्के गेले की उरलं ते नुसतं लाकूड.

हे सगळं झालं की भिंग बाहेर येतं, आणि खरं पारायण सुरू होतं. या माउझरच्या बोल्टपासून पट्टीपर्यंत लहानमोठ्या भागांवर रायफलीच्या नंबरातले आकडे ठोकलेले असतात. पुष्कळ रायफलींत तर शेवटचे दोन आकडे स्क्रूच्या डोक्यावरही सापडतात. सगळे जुळले तर रायफल सोनं. एखादा चुकला तर किंमत घसरते, आणि बोल्ट परका निघाला तर थेट निम्म्यावर येते. नळीच्या मागच्या जाड भागावर कारखान्याची अक्षरं असतात. बीवायएफ म्हणजे ओबर्नडॉर्फची माउझर, बीएनझेड म्हणजे ऑस्ट्रियातली श्टायर, डॉट म्हणजे ब्रनो. आपले कारखाने कोणते हे शत्रूला कळू नये म्हणून जर्मनांनी ही सांकेतिक अक्षरं घातली. खडकीच्या एका निवृत्त इंजिनिअरला ती रामरक्षेसारखी पाठ होतील, हे तेव्हा बर्लिनमध्ये कुणाच्या डोक्यात आलं असेल!

भिंग एका जागी थांबतं. धातूवर बारीकशी फुली.

"नॉर्मंडी कसली," काका माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटतात, "ही रशियाहून आलीय."

फुली म्हणजे पूर्व आघाडीवर रशियनांच्या हाती लागलेला माल. युद्धानंतर सोव्हिएत गोदामांत अशा रायफली खोलल्या, साफ केल्या आणि ज्या ढिगातून जो भाग हाताला लागला तो लावून पुन्हा जोडल्या. बोल्टवर विजेच्या पेन्सिलने नवा नंबर कोरून टाकला, म्हणजे कागदोपत्री सगळं जुळलं. दिसायला एक, वंशावळ सहा जणांची. काका रायफल दोन्ही हातांनी खाली ठेवतात, आभार मानतात आणि विक्रेत्याला सांगतात, "नाइस स्टोरी." त्याच्या आजोबांना ते धक्का लावत नाहीत. पुढच्या टेबलावर मात्र मला सांगतात, "ह्याचे आजोबा नॉर्मंडीला उतरले असतीलही. रायफल नव्हती उतरली."

काका पक्के विज्ञाननिष्ठ. मुलीच्या लग्नात व्याह्यांनी पत्रिका मागितली तेव्हा त्यांनी तासभर व्याख्यान दिलं होतं. काकू तो तास विसरलेल्या नाहीत. "मुलीचे छत्तीस गुण बघायला ह्यांचा विरोध," त्या येईल त्या पाहुण्याला सांगतात, "आणि स्क्रूचे आकडे जुळेनात म्हणून दोन रात्री झोप नाही."

काकूंचा आणि दोन महायुद्धांचा संबंध स्वयंपाकघरातून येतो. दस्त्याच्या लाकडाला कच्चं जवसाचं तेल लागतं, आणि काकूंचे जवस चटणीसाठी असतात. त्यावरून सरहद्दीच्या कुरबुरी चालू असतात. त्या काळच्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की नळीत मिठासारखा क्षार उरतो, तो हवेतली ओल शोषतो आणि काही दिवसांत नळी गंजते. हा क्षार तेलाने निघत नाही, पाण्याने निघतो. म्हणून वर्षातून कधीतरी जुनी काडतुसं उडवून आले की काका चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी नळीत ओततात. काकूंनी आता दोन किटल्या ठेवल्या आहेत आणि एकीवर लाल रिबन बांधली आहे.

मोसिन-नागांत घरी आली तो उन्हाळा तर मंडळात अजून सांगितला जातो. ही रशियन रायफल १८९१ सालची रचना. पुढे कोट्यवधींनी निघाली, आणि सोव्हिएत संघ कोसळल्यावर लाकडी खोक्यांतून अमेरिकेत इतक्या आल्या की एके काळी शंभर डॉलरच्या आत मिळत. गंजू नये म्हणून तिला कॉस्मोलीन नावाच्या घट्ट तपकिरी ग्रीसने माखून ठेवतात. ते लाकडात इतकं मुरतं की पुसून जात नाही, उष्णतेने पाझरवावं लागतं. काकांनी दस्ता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मागच्या डेकवर उन्हात ठेवला. शेजारी काकूंची साखरांब्याची बरणी, तोंडाला फडकं बांधून. दोन्ही दिवसभर मुरत होते. संध्याकाळी दस्त्यातून पाझरलेला तो तपकिरी रस बघून एका नव्या सुनेने बरणी उलटली असं समजून त्यात बोट बुडवलं. चाटण्याआधी काकू पोहोचल्या म्हणून बरं.

असं असलं तरी काकूंचा या संग्रहात एक मानाचा भाग आहे. अमेरिकन स्प्रिंगफील्ड रायफलीचा १९०३-ए३ हा प्रकार दुसऱ्या महायुद्धात दोनच कंपन्यांनी बनवला: रेमिंग्टन आणि स्मिथ-कोरोना. स्मिथ-कोरोना म्हणजे टाइपरायटरवाले. रेमिंग्टनने उलटा प्रवास केलेला. बंदुका करता करता १८७० च्या दशकात टाइपरायटर काढला. काकू लग्नाआधी पुण्यात रेमिंग्टनच्या मशीनवर टायपिंगची परीक्षा पास झाल्या होत्या. काकांनी ती स्प्रिंगफील्ड घरी आणली ती "तुझ्याच कंपनीची आहे" असं म्हणून. काकूंनी बोल्ट एकदा मागेपुढे करून बघितला आणि म्हणाल्या, "आमच्या मशीनचा हात हलका होता."

पाहुणे फिलाडेल्फियाला आले की लोक त्यांना लिबर्टी बेल दाखवतात. काका एडिस्टनला नेतात. पहिल्या महायुद्धात तिथल्या कारखान्यात दहा लाखांहून जास्त रायफली निघाल्या. पाहुणे गाडीतून उतरून इकडेतिकडे बघतात, नेमकं काय बघायचं ते त्यांना कळत नाही, आणि काका नदीकडे हात करून आकडे सांगत असतात.

तळघरात मात्र मानाची जागा इशापूरला. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात १९४२ साली झालेली थ्री-नॉट-थ्री, वर मुकुट आणि राजाची आद्याक्षरं. स्वातंत्र्यानंतरच्या नगांवर त्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. इशापूरवाल्यांनी दस्त्याचं लाकूड फाटू नये म्हणून त्यात आडवा स्क्रू घातला, तो काका प्रत्येकाला बोट लावून बघायला लावतात. तिच्या खाली काचेच्या पेटीत थ्री-नॉट-थ्रीची काडतुसं, बुडावर केएफ अशी अक्षरं. के म्हणजे किर्की, इंग्रजांची खडकी. १८६९ पासून चालू असलेला तो दारूगोळ्याचा कारखाना काकांच्या जुन्या घरापासून सायकलच्या टप्प्यात होता. काका ही काडतुसं कधी उडवत नाहीत. माहेरचा माल उडवायचा नसतो म्हणे.

याच पेटीपुढे उभं राहून मी त्यांना एकदा विचारलं, "काका, लढाईत बोल्ट बिघडला तर सैनिक काय करत असेल?"

"शेजारच्या पडलेल्या रायफलीचा काढून लावत असेल. किंवा मागचा मिस्त्री लावून देईल."

"मग नंबर?"

"नंबर कोण बघतंय तिथे!"

"म्हणजे जिचे सगळे नंबर जुळतात, ती बहुधा गोदामातून बाहेर पडलेलीच नाही. आणि जिचे जुळत नाहीत ती लढून आली असण्याची शक्यता जास्त. तुम्ही महायुद्धाच्या रायफली जमवता, आणि महायुद्ध न बघितलेल्याला दुप्पट पैसे देता."

काका बराच वेळ भिंग पुसत राहिले. मग जपानी आरिसाका खाली काढली. तिच्यावर सम्राटाचं सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल कोरलेलं असतं. शरणागतीनंतर जमा झालेल्या रायफलींवरचं फूल घासून काढलेलं असतं. फूल शाबूत असेल तर ती बहुधा रणांगणावरून उचललेली, आणि तिलाच भाव जास्त. "ही बघ," काका म्हणाले, "हिच्याबाबतीत लढाईला किंमत आहे." एका अपवादाच्या आधाराने त्यांनी वाद जिंकला असं जाहीर केलं आणि आम्ही चहाला वर गेलो. रिबन नसलेल्या किटलीचा चहा.

या हिवाळ्यात काकांचे दोन्ही गुडघे बदलले. भेटायला गेलो तर पलंगावर वही उघडी. कृत्रिम सांध्यांवर कंपनीचे लॉट नंबर असतात, इस्पितळ त्यांचं कार्ड देतं. काकांनी ते नंबर रायफलींच्या यादीखाली उतरवून घेतले होते आणि चेहरा पडलेला होता. डाव्याचा लॉट वेगळा, उजव्याचा वेगळा. "एकाच लॉटचे दोन मिळाले नसते का, असं ह्यांनी सर्जनला विचारलं," काकू म्हणाल्या. "डोळ्यांतली भिंगं नवी, दोन दाढा नव्या, आता गुडघे नवे, आणि त्यांचेही नंबर जुळत नाहीत. गन शोला टेबलावर ठेवलं तर निम्मा भाव यायचा नाही."

काकांनी वही मिटली. "लढून आलेल्याचा भाव वेगळा असतो," ते म्हणाले.

मी लगेच म्हटलं, की मग हाच नियम तळघरातही लावा, परक्या बोल्टच्या रायफली उद्यापासून पूर्ण भावाने घ्या. काका खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांना ऐकू आलं नव्हतं. श्रवणयंत्र त्यांनी नेमकं तेव्हाच काढून उशाशी ठेवलं होतं. त्याचाही नंबर वहीत आहे.