कणसाचे डोहाळे

जुलैतल्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं पाहिली, की सगळ्यांना एकदमच दिवस गेलेत की काय अशी शंका येते. वाहतूक कोंडीत तीन तास काढून आलेला ठाण्याचा हिशेबनीस घोटाभर पाण्यात उभा असतो. एका हातात लिंबू-तिखट-मीठ चोळलेलं कणीस, दुसऱ्या हातात भज्यांचा भिजका कागद, आणि तोंडाने तिसऱ्या मॅगीची ऑर्डर चाललेली. त्याला कोणी ‘कितवा महिना?’ म्हणून विचारत नाही.

धरणाचा जन्मही तहानेतूनच झाला. रेल्वेने ते बांधलं वाफेच्या इंजिनांना पाणी पाजण्यासाठी. बोरघाटाचा रेल्वेमार्ग 1863 साली सुरू झाला. तो खोदणाऱ्या मजुरांची न्याहारी म्हणजे गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी, आणि तीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात.

तर अशा या गावात, धरणाच्या वाटेवर भज्यांची टपरी असलेल्या एका घरात सुनेला दिवस गेले आणि पहिल्याच आठवड्यात तिला भज्यांच्या वासाने उमळू लागलं. आता पावसाळ्यात भुशीत भज्यांचा वास टाळायचा म्हणजे समुद्रात राहून मिठाशी वैर. वारा दक्षिणेकडून आला तर कांदाभजी, उत्तरेकडून आला तर बटाटावडा. ती नाकाला पदर लावून मागच्या पडवीत बसायची आणि सासूबाई सगळ्या आळीला सांगायच्या, “कडक डोहाळे हायेत पोरीला.” त्या सांगण्यात काळजी चार आणे आणि अभिमान बारा आणे.

कडक डोहाळ्यांचं बरंचसं खापर आता ‘जीडीएफ-15’ नावाच्या एका संप्रेरकावर फुटतं. 2023च्या डिसेंबरात ‘नेचर’मध्ये तसं संशोधन छापून आलं. वार आणि गर्भ हे संप्रेरक आईच्या रक्तात सोडतात. ज्या बाईच्या शरीराला आधीपासून त्याची सवय कमी, तिला मळमळ जास्त. सासूबाईंचं निदान वेगळं होतं: “पोराला जावळ लई असणार.”

चौथ्या महिन्यात उलट्या थांबल्या आणि खरे डोहाळे सुरू झाले. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दौहृद’कडे नेतात. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं म्हणून बाई दोन हृदयांची होते, असं सुश्रुतसंहिता म्हणते. तिची इच्छा मोडली तर मूल कुबडं, लुळं निपजेल, असा दमही तीत भरलेला आहे. शिवाय कोणत्या डोहाळ्याला कसं मूल, याची यादी आहे. घोरपडीचं मांस खावंसं वाटलं तर मूल झोपाळू. म्हशीचं वाटलं तर शूर, लाल डोळ्यांचं आणि केसाळ. (आज घोरपडीचे डोहाळे पुरवायला निघालेला नवरा वन्यजीव कायद्याखाली आत जाईल.) कणीस खाल्लं तर काय, हे मात्र सुश्रुत सांगत नाहीत. त्यांचा नाइलाज होता, मका तेव्हा अमेरिकेतून निघालाच नव्हता. भज्यातला बटाटा, मिरची, चिक्कीतला शेंगदाणा हीही तिकडचीच मंडळी. भुशीच्या पावसाळी ताटातून अमेरिका वजा केली, तर उरतो कांदा आणि पाऊस.

सुनेला यातलं काहीच नको होतं. तिला हवी होती माती. पहिल्या पावसात अंगणातून जो वास आला होता, तो तिला चावून बघायचा होता. सासूबाईंनी कपाळावर हात मारला; पण या डोहाळ्याची वंशावळ थेट राजघराण्यातली आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त रघूची आई सुदक्षिणा गरोदरपणी माती खाते आणि दिलीप राजा एकांतात तिच्या तोंडाचा वास पुन:पुन्हा घेतो. भुशीतल्या नवऱ्यानेही वास घेतला, पण त्याला काव्य सुचलं नाही. त्याने थेट दवाखाना गाठला.

वैद्यकात याला ‘पायका’ म्हणतात. दिसेल ते चोचीत धरणाऱ्या मॅगपाय पक्ष्याचं हे लॅटिन नाव. माती, पाटीची पेन्सिल, खडू, बर्फ खावासा वाटणं हे पुष्कळदा रक्तातलं लोह कमी असण्याचं लक्षण असतं. आणि लोह कमी असणं ही आपल्याकडे नवलाई नाही: 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 52.2 टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, कमीत कमी 180 दिवसांच्या. वर बजावलं, पावसात गाड्यावरची पाणीपुरी बंद. हेपटायटिस ‘ई’ची कावीळ गरोदर बाईला फार जड जाते. सासूबाईंनी गोळी रोज न चुकता दिली, कपभर चहासोबत. चहाने लोह अंगी लागत नाही, लिंबू-आवळ्याने लागतं, हे आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी येऊन सांगितलं तेव्हा महिना उलटून गेला होता.

या सगळ्यात सुनेला एक गोष्ट फार आवडली. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. त्या घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती बसायची, आणि कढईत जे उरेल ती तिची आवड. आता सासरे टपरीवर निघताना विचारत, “काय आणू गं?” नवरा बाजारातून फोन करी. पहिल्यांदा तिला उत्तरच सुचेना. आपल्याला काय आवडतं याचा विचार करायची सवयच मोडली होती. मग सुचू लागलं. चिंचा, कैरीचं लोणचं, आईच्या हातची नाचणीची आंबील. पुढाऱ्यांनाही मंत्रिपदाचे डोहाळे लागतात. त्यांचे मात्र नवव्या महिन्यात संपत नाहीत.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने, झोपाळा, आणि झाकलेल्या दोन वाट्या: एकीत पेढा म्हणजे मुलगा, दुसरीत बर्फी म्हणजे मुलगी. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा 1994 साली झाला, सोनोग्राफीच्या यंत्रांना कुलपं बसली, वाट्या मात्र मोकाट सुटल्या. त्यांचा अंदाज निम्म्या वेळा बरोबर येतो, आणि एवढ्या भांडवलावर सगळ्या आजीबायका तज्ज्ञ ठरतात. सुनेने पेढा उघडला. मुलगी झाली. जावळ बेताचंच.

बाळंतपणानंतर खायला पुष्कळ आलं, पण विचारून काही आलं नाही. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेपूची भाजी, ओवा आणि बाळंतशोपा. सव्वा महिन्याने ताट पुन्हा शेवटचं झालं.

पुढच्या जुलैत धरण भरलं, पायऱ्यांवरून पाणी सुटलं. भज्यांचा वास आता तिला चालत होता. एका दुपारी मुलीला कडेवर घेऊन ती टपरीच्या दारात आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आई, मला डोहाळे लागलेत.”

सासूबाईंच्या हातातला झारा कढईत पडला. नवऱ्याने घाईघाईने बोटांवर महिने मोजले. सासऱ्यांनी गिऱ्हाईकाला सुट्टे पैसे जास्त दिले.

“कशाचे गं?” सासूबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

“कणसाचे,” ती म्हणाली. “भाजलेलं, लिंबू जास्त.”