बारीक टोकाचं जेल पेन कसं पाळावं

दहा रुपयांच्या बॉलपेनवर ज्यांची दहावी, पदवी आणि नोकरीचा अर्ज निभावला, त्यांनी ही मार्गदर्शिका वाचू नये. ती बारीक टोकाच्या जेल पेनाची गोडी लागलेल्यांसाठी आहे. हा वर्ग अल्पसंख्य असला तरी ओळखायला सोपा. यांच्या खिशाला दोन पेनं असतात : एक लिहायला आणि एक मागणाऱ्याला द्यायला.

प्रथम खरेदी. दुकानदार पेन चालवून बघायला कागदाचा चिठोरा पुढे करतो. त्यावर जिलब्या काढू नयेत. जिलबी कुठल्याही पेनानं बरीच निघते. ‘महाराष्ट्र’, ‘ज्येष्ठ’, ‘उत्कृष्ट’ असे शब्द सावकाश लिहावेत. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात हा प्रयोग टाळावा, कारण मागे उभ्या असलेल्या पालकांना आपल्या जोडाक्षरांत रस नसतो. पेनावरचा ०.३ किंवा ०.५ हा आकडा टोकातल्या गोळीचा व्यास असतो, रेघेची जाडी नव्हे. ०.५ च्या पेनाची रेघ साधारण ०.३ मिलिमीटर उतरते. हे ज्ञान दुकानात उच्चारल्यास दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, असा अनुभव आहे.

थोडं शास्त्र. जेल शाईचं पेन ओसाकाच्या साकुरा कंपनीनं १९८४ साली बाजारात आणलं. ही शाई मुळात दाट असते. गोळी फिरली की तिच्याभोवतीची शाई पातळ होते, आणि कागदावर उतरली की पुन्हा जागच्या जागी घट्ट बसते. कवड्या दह्यात पळी फिरवावी तसं. साकुराच्या शाईत हा गुण झँथन गममुळे आला. हाच पदार्थ सॉसमध्ये आणि आइस्क्रीममध्येही घालतात, म्हणून रिफिल चाखून बघू नये.

या शाईमुळे पेन दाबावं लागत नाही, आणि हाच त्याचा खरा मोठा फायदा. तीन तासांचा पेपर लिहून बोटं आखडत नाहीत. पण आपल्याकडे लिहिणं म्हणजे दाबणं. पहिल्या पानावरचा निबंध चौथ्या पानावर बोटांनी वाचता येतो अशी पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी. असा हात बारीक टोकावर पडला की शिरोरेघ ओढताना कागद शब्दशः फाटतो.

आता मुख्य प्रश्न : मराठी. रोमन अक्षरं सुटसुटीत असतात, त्यांना बारीक टोक शोभेची वस्तू. देवनागरीला मात्र ते खरंच उपयोगी पडतं. एकरेघी वहीच्या दोन ओळींमधल्या जागेत वर रफार आणि मात्रा, खाली उकार, मध्ये ‘ष्ट्य’सारखी तीन मजली इमारत एवढं सगळं बसवायचं असतं. जाड टोकानं ‘क्ष’चं पोट भरून येतं, ‘ळ’च्या दोन्ही गाठी एक होतात. बारीक टोकानं प्रत्येक जण आपापल्या खोलीत राहतो.

धोका आहे तो अनुस्वाराचा. ०.३ च्या पेनानं दिलेलं टिंब देणाऱ्यालाच दिसतं. एरवी ही शुद्धलेखनाची चूक म्हणून अर्धा गुण जाईल, बस. पण मराठीत आदरार्थी बहुवचनाचा बराचसा मान त्या टिंबावर उभा असतो. ‘साहेब आले, त्यांचा निर्णय योग्य आहे’ असं लिहावं आणि वाचणाऱ्याला ‘त्याचा निर्णय’ दिसावा, हे खात्यांतर्गत पत्रव्यवहारात परवडत नाही. म्हणून बारीक टोकवाल्यांनी अनुस्वार टेकवू नये, गोल फिरवून भरावा. वेळ लागतो, पण बढतीलाही लागतो.

कागदाची निवड. भुरकट, खरखरीत कागदाचे तंतू टोकात अडकतात आणि रेघ तुटक उठते. फार गुळगुळीत कागदावर शाई वाळत नाही. लग्नातल्या आहेराच्या चकचकीत पाकिटावर जेल पेनानं नाव घातलं, तर मुलीकडच्यांच्या वहीत आपण ‘अंगठा’ म्हणून नोंदले जातो. डावखुऱ्यांचा हात ओल्या अक्षरांवरूनच पुढे सरकतो. त्यांनी टिपकागद बाळगावा किंवा संयम.

कार्बन घातलेल्या बिलबुकात हे पेन काढूच नये. न दाबता लिहिलेलं वरच्याच प्रतीवर राहतं, खालची प्रत कोरी. एमपीएससीच्या बहुपर्यायी परीक्षेत वर्तुळं काळ्या बॉलपेनानं रंगवायची असतात. तिथे आपल्या पेनाची आवड ही वैयक्तिक बाब ठरते.

पुसता येणारं जेल पेन हा वेगळा अध्याय. पायलटच्या फ्रिक्सिअनची शाई घासल्याच्या उष्णतेनं, साधारण ६० अंश सेल्सिअसला, रंग सोडते. मे महिन्यात चंद्रपुरात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर वही विसरली तर सगळं संपादन आपोआप होऊन मिळतं. ती शाई उणे १० अंशांखाली परत दिसू लागते, तेव्हा वही फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी ठेवून बघावी. घरच्यांना काय सांगायचं हे ज्यानं त्यानं ठरवावं. अशा पेनानं धनादेशावर सही करू नये, हे विनोदानं सांगत नाही.

सर्वांत अवघड प्रकरण उसनवारी. बँकेत, टपालात, रेल्वेच्या फॉर्मच्या टेबलाशी कोणीतरी म्हणतंच, ‘‘जरा पेन देता?’’ टोपण आपल्याकडे ठेवून पेन द्यावं, म्हणजे ते परत येतं, ही जुनी युक्ती. पण बारीक टोकाचं पेन परत येणं आणि चालत येणं यांत फरक आहे. घेणारे काका आधी ते तळहातावर खरडतात, मग झटकतात, मग ‘‘चालत नाही वाटतं’’ म्हणून दाबतात आणि शेवटी फरशीवर पाडतात. टोकावर. गोळीची बैठक एकदा वाकली की उपाय नाही. तरी आपले लोक हार मानत नाहीत : रिफिल तळहातांत घोळवणं, मागून फुंकणं, चपलेच्या तळव्यावर घासणं, काडी पेटवून शेकणं. फुंकू तर मुळीच नये. शाईमागे जो पारदर्शक, चिकट थर असतो तो शाई वाळू नये म्हणून घातलेला असतो. तो हलला की उरलेलं खिशात उतरतं. म्हणून उसनं द्यायला दुसरं पेन, बॉलपेन, जाड, शक्यतो एखाद्या पतसंस्थेनं फुकट दिलेलं.

रिफिल लवकर संपते. नवी घ्यायला जावं तर दुकानदार पेनच घ्या म्हणतो, कारण रिफिल त्याच्याकडे नसते.

तात्पर्याची अपेक्षा असणाऱ्यांना एवढंच : मराठी लिहिणाऱ्यानं ०.५ घ्यावं. हात हलका असेल तर ०.३८ पर्यंत उतरायला हरकत नाही, अनुस्वार सांभाळून. पायलटनं ०.२५ चंही पेन काढलेलं आहे. तांदळाच्या दाण्यावर लिहिणाऱ्या कलावंतांनी त्याचा जरूर विचार करावा.