खरवड

भाताच्या पातेल्याला लागलेली खरवड काही लोक आवडीने खातात. आमच्या खरवडीच्या वाट्याला तेवढंही भाग्य नाही. नारायण पेठेतल्या एका खोलीत तो संगणकावर डिझाइन करतो आणि शेजारच्या टेबलावर मी मुद्रितं तपासतो. त्याचं खरं नाव चांगलं घरंदाज आहे, पण त्या नावाने त्याला फक्त बँक ओळखते.

गुळगुळीत अक्षर त्याच्या डोळ्यांना खुपतं. अक्षर कसं, पैलवानासारखं जाडजूड हवं. आणि मग त्याचे कोपरे उंदराने कुरतडलेले, पोटातले पोपडे उडालेले, भोवती शाईचे शिंतोडे. मोबाइलची काच फुटली तेव्हा तडे कसे गेलेत ते त्याने आधी कागदावर काढून घेतलं, दुकानात नेण्याचं नंतर पाहिलं.

माझी निम्मी हयात छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांत गेली. खिळा झिजला की जुळारी तो बाजूला टाकायचा, वितळवायला. जाहिरातीच्या लाकडी अक्षरांपैकी एखादं बसकं झालं, तर त्याच्याखाली कागदाची चिटोरी चिकटवून उंची भरून काढायची. झीज लपवण्यात आमची हुशारी होती. हे त्याला सांगितलं की तो खुर्ची माझ्याकडे वळवतो.

“काका, 1827 साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं लाकडी टाइप यंत्रावर कापायला घेतला. त्या लाकडाचे टवके मी आता फाइलमध्ये घालतो.”

“म्हणजे आम्ही जे लपवलं ते तू विकतोस?”

“जादा पैसे घेऊन!”

त्याचे देवही तसलेच. एक एरिक व्हान ब्लोकलंड, ज्याने 1991 साली टाइपरायटरची मळकट, भरलेली अक्षरं ‘ट्रिक्सी’ या फाँटमध्ये उतरवली. ‘एक्स-फाइल्स’ मालिकेच्या नावाला तीच शोभली. दुसरा डेव्हिड कार्सन. या गृहस्थाला ‘रे गन’ मासिकासाठी आलेली एक मुलाखत कंटाळवाणी वाटली, तेव्हा त्याने ती अख्खी चित्रचिन्हांच्या फाँटमध्ये लावून टाकली. एक अक्षर वाचता येईना. मी त्या मासिकाच्या मुद्रितशोधकाच्या विचाराने हळहळतो आणि हा हात जोडतो.

पण कामात हा कच्चा नाही, हेही सांगायला हवं. हे अक्षर तो तीन-चार शब्दांपलीकडे वापरू देत नाही. खाली पत्ता आणि फोन साध्या ‘मुक्ता’त, कारण बारीक आकारात ते टवके शाईने भरतात आणि अक्षराला गोवर आल्यासारखं दिसतं. ट्रेकवाल्यांच्या टी-शर्टवर मात्र त्याचा हात कोणी धरू शकत नाही. धुण्यात छपाई तडकली तरी तक्रार येत नाही. तडे आधीचे कुठले आणि साबणाचे कुठले, कोण सांगणार? ‘कडक मिसळ’ असं लिहायचं झालं तर दोन्ही ‘क’ वेगवेगळ्या जागी झिजवतो. एकाच जागी एकसारखा ओरखडा दिसला की सोंग उघडं पडतं, म्हणून प्रत्येक अक्षराचे तीन-तीन नमुने करून ठेवलेत. खोटेपणात इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिला नाही. रेडियम कापणारा पोरगा मात्र त्याला शिव्या घालतो. प्रत्येक टवका त्याला चिमट्याने उपटावा लागतो. एका ‘ळ’पायी त्याचं जेवण राहिलं होतं.

खरी अडचण आपल्या लिपीची. रोमन अक्षरावर ठिपका पडला तर तो ठिपकाच राहतो. आपल्याकडे तो नोकरीला लागतो. शिरोरेषेवर नको तिथे ओरखडा आला की ‘घरगुती खानावळ’ ‘धरगुती’ होते. आणि टवक्याने टिंब खाल्लं तर गणेश मंडळाचं ‘मडळ’. मी लाल पेनाने गोल करतो, तो म्हणतो, “काका, ते टेक्श्चर आहे.”

गेल्या पावसाळ्यात एका कृषी सेवा केंद्राची पाटी आली. दहा फुटी फ्लेक्स, वर ‘सेंद्रिय खत मिळेल’. मी त्या दिवशी रजेवर. छापून, चौकटीला ताणून, दुकानावर चढवून झाल्यावर मालकांचा फोन आला. एक शिंतोडा नेमका ‘ख’च्या डोक्यावर बसला होता. सकाळपासून गिऱ्हाइकं विचारत होती, सेंद्रिय खंत काय भावाने? एकाने तर, घरची भरपूर आहे, असं सांगून पाठ फिरवली.

आम्ही दोघं गेलो. मालकांनी शिडी धरली आणि हा थिनरचा बोळा घेऊन वर चढला. टिंब पुसता पुसता हात खाली घसरला. ‘ख’चा अर्धा काना गेला, पोटातली शाई ओघळली, कडेला करड्या रंगाचे फराटे उठले. वरून बराच वेळ काही आवाज नाही.

“गेलं का हो टिंब?” मालकांनी विचारलं.

“टिंब गेलं.” त्याने एका हाताने खिशातून मोबाइल काढला, मान तिरकी केली आणि फोटो घेतला. मग दुसरा, जवळून. “पण काका, ‘ख’ काय झिजलाय बघा! हा आपल्याकडे नव्हता.”

तरीही मालकांनी शिडी सोडली नाही.